लिबरऑफिस रायटर : ऑफिसचं पत्र लिहायला शिकणाऱ्याच्या हाती द्यावं का?

मोंढ्यातली आडत, तालुक्याची पतसंस्था, वाळूजमधला वीस-पंचवीस माणसांचा वर्कशॉप, गावची शाळा, ग्रामपंचायत. कागदपत्रांचं काम सगळीकडे एका-दोघांच्याच गळ्यात पडतं. ते करणारा पोरगा किंवा पोरगी बहुधा टायपिंगची परीक्षा दिलेली असते. बोटं चांगली चालतात, पण पत्र उभं राहत नाही. विषय एक, मजकूर दुसराच, मागणी शेवटच्या ओळीत दडलेली आणि सही एकटीच पुढच्या पानावर गेलेली. अशा माणसाला शिकवायला लिबरऑफिस रायटर हे वर्डसारखं पत्रं-कागद लिहिण्याचं सॉफ्टवेअर कितपत उपयोगी पडतं, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. रायटरमध्ये पुस्तक लावता येतं, आकृत्या काढता येतात वगैरे बाजूला ठेवू.

मत आधीच सांगतो. घ्यावं. पण सुरुवातीला दोन तास बसून त्याची नीट मांडणी केल्याशिवाय नवख्याच्या हातात देऊ नये. मांडणी न केलेलं रायटर मराठीत चांगलंच छळतं आणि मग दोष शिकणाऱ्यावर येतो.

पैसा आणि मशीन

किंमत शून्य. ओपनऑफिसमधून २०१० साली फुटून निघालेला हा मुक्त प्रकल्प ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था चालवते. वर्गणी नाही, आणि कितीही मशीनवर टाकलं तरी कुणी विचारत नाही. साधारण साडेतीनशे एमबीची फाइल एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवली की सगळ्या मशीनवर चालते. चालवताना इंटरनेट लागत नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी ही गोष्ट लहान नाही. जुनी मशीन असेल तर मात्र आवृत्ती बघून घ्या. २५.८ पासून पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ आणि ८ वर बसत नाहीत, तिथे २५.२ किंवा त्याआधीची घ्यावी लागते.

मेनू मराठीतही करून मिळतात. आमचा सल्ला, करू नका. क्लासमध्ये सगळे इंग्रजी मेनूवर शिकलेले असतात, फोनवरून अडचण सांगतानाही ‘टूल्समध्ये जा, ऑप्शन्स उघड’ असंच बोललं जातं. मराठी मेनूतले शब्द बरोबर असले तरी ते समोरच्याला माहीत नसतात.

पहिले दोन तास

रायटर प्रत्येक मजकुरासाठी फाँटचे वेगवेगळे कप्पे ठेवतं. इंग्रजीचा एक, चिनी-जपानीचा एक आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांचा एक. या शेवटच्या कप्प्याला तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ किंवा ‘सीटीएल’ म्हणतात. नव्या माणसाची पहिली तक्रार इथूनच येते. स्टाइलमध्ये (म्हणजे फाँट, आकार, अंतर एकत्र ठरवणाऱ्या साच्यात) जाऊन आकार १४ केला, तरी मराठी अक्षरं होती तेवढीच राहिली. कारण त्याने आकार बदलला तो इंग्रजीच्या कप्प्यातला.

इलाज असा. टूल्स, ऑप्शन्स, भाषांच्या विभागात जाऊन सीटीएल चालू करा आणि त्याची भाषा मराठी निवडा. बऱ्याचदा तिथे हिंदी बसलेली असते. भाषा हिंदीच राहिली तर ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणं आहेत तो हिंदी वळणाचा ल आणि श दाखवतो, आणि ‘फाँट तोच असून अक्षर वेगळं का दिसतंय’ यात अर्धा दिवस जातो. मग एफ ११ दाबून स्टाइल्सची पट्टी उघडा, ‘डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’वर उजवी क्लिक करून एडिट करा आणि फाँटच्या पानावर दोन्ही कप्पे भरा. इंग्रजीला १२ दिलं तर मराठीला १३ किंवा १४ द्या. देवनागरी त्याच आकड्यात लहान दिसते.

फाँट कोणता? विंडोज १० आणि ११ मध्ये निर्मला यूआय आधीपासून असतो. मंगल, कोकिळा, उत्साह हे आता वेगळे टाकून घ्यावे लागतात. त्यामुळे एका मशीनवर मंगलमध्ये केलेलं एक पानाचं पत्र दुसऱ्या मशीनवर दीड पान होतं. ऑफिसने एकच फाँट ठरवावा आणि सगळीकडे टाकावा. मुक्ता मोफत आहे, ठळक-बारीक सगळे प्रकार त्यात आहेत, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी वाचता येतो. तिरो देवनागरी मराठी छापील पुस्तकासारखा देखणा आहे, पण त्याला खरा ठळक प्रकारच नाही. ‘विषय’ ठळक केला की रायटर अक्षर ओढूनताणून जाड करतं आणि ते कळतं. बाहेरच्या सायबर कॅफेत छापायचं असेल तर फाइल, प्रॉपर्टीज, फाँट इथे फाँट फाइलमध्येच बसवण्याची खूण आहे. फाइल जड होते, पण पान हलत नाही.

ओळींमधलं अंतर ‘फिक्स्ड’ ठेवू नका, रफार आणि खालचे उकार कापले जातात. ‘प्रपोर्शनल’ ११५ ते १२० टक्के पुरे. पान ए-४ आहे ना तेही बघा. मशीन अमेरिकन इंग्रजीवर असेल तर रायटर गुपचूप लेटर आकाराचं पान धरतं, ते रुंदीला थोडं जास्त आणि लांबीला पावणेदोन सेंटीमीटरने कमी भरतं. छापल्यावर खालचं अंतर विचित्र दिसतं ते त्यामुळे. डावा समास ३.५ सेंटीमीटर ठेवा. पंच मारून फाइलला लावलेल्या कागदाची पहिली दोन अक्षरं दोरीखाली गेलेली आपण सगळ्यांनीच वाचली आहेत.

आणखी एक खूण, आपल्या भागात ती सक्तीची समजा. लोड-सेव्हच्या पानावर ‘ऑटोरिकव्हरी’ दहा मिनिटांवर असते, ती दोनवर आणा आणि शेजारची बॅकअप प्रत ठेवण्याची खूणही करा. लाईट गेली तर दोन मिनिटांचंच काम जाईल.

आखणी : इथे रायटरकडून फार आशा नको

पत्र आखून देणारं यात काही नाही. तयार नमुने आहेत, पण ते युरोप-अमेरिकेच्या धाटणीचे. आपल्याकडचं जावक क्रमांक, प्रति, विषय, संदर्भ, सोबत, प्रत माहितीस्तव हे त्यात कुठेच नाही. म्हणून आखणी कागदावरच करावी, आणि शिकणाऱ्याला पहिला महिना तरी पाच-सहा ओळी हाताने लिहिल्याशिवाय कीबोर्डला हात लावू देऊ नये.

उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतीला टँकरच्या खेपा वाढवून मागायच्या आहेत. आधी लिहायचं की पत्र वाचणार कोण आणि त्याने नेमकं काय करायचं. गटविकास अधिकाऱ्यांनी खेपा दोनवरून तीन कराव्यात. ही एक ओळ सापडली की विषय आपोआप तयार होतो, ‘पाणीटंचाईबाबत’ असला कशालाही चालणारा विषय उरत नाही. मग आकडे. समजा लोकसंख्या १,८०० आणि बारा हजार लिटरच्या दोन खेपा, म्हणजे माणशी रोज साधारण १३ लिटर. तिसरी खेप आली तर २० लिटर. हा हिशेब पत्रात आला की वाचणाऱ्याला काही शोधावं लागत नाही. नवखा मात्र तो टाळतो आणि त्याऐवजी ‘ग्रामस्थांचे अतोनात हाल होत आहेत’ लिहितो. हाल होत असतात, ते खरंच आहे, पण टेबलापलीकडच्याला फाइलवर टिपण लिहायला आकडा लागतो.

त्याखाली संदर्भ: आधीचं पत्र कोणत्या क्रमांकाचं, कोणत्या तारखेचं, ठराव कधीचा. सोबत काय जोडणार: ठरावाची प्रत, खेपांच्या नोंदवहीची पानं. कधीपर्यंत हवंय. आणि शेवटी, सही कोणाची. हा प्रश्न सगळ्यात शेवटी सुचतो आणि सगळ्यात जास्त घोळ घालतो. सरपंचांच्या सहीचं पत्र ‘मी’वर चालतं की ‘या कार्यालयामार्फत’वर, हे आधी ठरलं नाही तर एकाच परिच्छेदात दोन्ही येतात.

या पाच-सहा ओळी रायटरमध्ये आणायच्या तर प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद म्हणून टाका आणि तिच्याखाली मजकूर भरत जा. मोठं इतिवृत्त किंवा चार-पाच पानी अहवाल असेल तर त्याच ओळींना ‘हेडिंग’ स्टाइल द्या. एफ ५ दाबलं की नॅव्हिगेटरमध्ये सगळी मथळ्यांची यादी दिसते आणि तिथूनच एखादा मुद्दा त्याच्या मजकुरासकट वर-खाली सरकवता येतो. हे काम वर्डपेक्षा इथे सोपं वाटतं. एक पानाच्या पत्राला त्याची गरज नाही.

कच्चा मसुदा

इथून रायटर आपली किंमत वसूल करून देतं, म्हणजे शून्य रुपये गुणिले कितीही.

ऑफिसचा नमुना एकदाच तयार करा: वर लेटरहेड, मग जावक क्रमांक आणि दिनांक एकाच ओळीत, प्रति, विषय, संदर्भ, महोदय, मजकुराची जागा, स्वाक्षरी, सोबत. फाइल मेनूतल्या टेम्प्लेट्समध्ये ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ करून तोच डिफॉल्ट ठेवा. नवीन कागद उघडला की साचा समोर. याने सगळ्यात वाईट सवय मोडते, ती म्हणजे मागच्या वर्षीचं पत्र उघडून त्यावरच नवीन लिहिण्याची. जुन्या पत्रावर लिहिलेल्या पत्रात जुना संदर्भ क्रमांक, जुन्या अधिकाऱ्याचं पदनाम, कधीकधी जुनं आर्थिक वर्षही तसंच पुढे जातं. शिवाय फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये शीर्षक भरलेलं असेल तर पीडीएफ उघडल्यावर खिडकीच्या वरच्या पट्टीवर जुना विषय झळकतो. पत्र टँकरचं, पट्टीवर शौचालय अनुदान.

तारीख उजवीकडे न्यायला स्पेसबार बडवू नका. ए-४ च्या २१ सेंटीमीटरमधून ३.५ आणि २ चे समास वजा केले की १५.५ उरतात, तिथे उजवा टॅब लावा. स्पेसने सरकवलेली तारीख फाँट बदलला की दोन ओळींत तुटते. आणि तारीख ‘फील्ड’ म्हणून टाकली तर फील्डच्या यादीतून ‘फिक्स्ड’ प्रकारच निवडा. दुसरा प्रकार फाइल उघडाल त्या दिवसाची तारीख दाखवतो. सहा महिन्यांनी स्मरणपत्र लिहायला मूळ पत्र उघडलं तर त्यावर आजची तारीख, आणि जावक रजिस्टरमध्ये वेगळीच.

ऑटोटेक्स्ट हे या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि ऑफिससाठी सगळ्यात कामाचं साधन. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’, ‘माहितीस्तव व पुढील कार्यवाहीस्तव सविनय सादर’ असली ठरलेली वाक्यं, पूर्ण पत्ते, सहीचा संपूर्ण गठ्ठा एकदा निवडून कंट्रोल-एफ ३ ने साठवा आणि दोन अक्षरांचं छोटं नाव द्या. मग ती दोन अक्षरं टाइप करून एफ ३ दाबलं की सगळं उतरतं, ठळक-तिरप्यासकट. पदनामाच्या आणि पत्त्याच्या चुका याने जवळपास संपतात. साठवतानाच ती वाक्यं थोडी हलकी करून घ्या. ‘विषयान्वये’च्या जागी सरळ मागणीचं वाक्य आलं तर कुठलाही अधिकारी पत्र परत पाठवत नाही.

आता आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकणारा शब्द: शेतकऱ्यांना. र, हलंत, य असं टाइप केलं की तो ‘शेतकर्यांना’ होतो. बरोबर अक्षरासाठी नुक्त्याचा ऱ लागतो. विंडोजच्या मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे ने ऱ, मग डी ने हलंत, मग य. काही साधनं तोच आकार साध्या र आणि एका अदृश्य जोडचिन्हाने काढतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण शोधताना एक सापडतं नि दुसरं सुटतं. म्हणून ऑफिसमध्ये एकच पद्धत ठेवा. चुकलेलं सुधारायला सगळीकडे ‘र्य’ काढून ‘ऱ्य’ टाका अशी आज्ञा चुकूनही देऊ नका, नाहीतर ‘कार्यालय’चं ‘काऱ्यालय’ होतं आणि ‘आचार्य’ही वाचत नाहीत. ‘शेतकर्यां’, ‘अधिकार्यां’, ‘कर्मचार्यां’ असे पूर्ण शब्द एकेक करून बदलावे.

रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरची कळांची मांडणी, शिकलेल्यांची अडचण वेगळी. त्यांचा हात जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनवर अक्षर तेच राहील अशी प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटवर बसलेला असतो. तो मजकूर दिसतो मराठी, आत असतात इंग्रजी अक्षरं. फाँट नसलेल्या मशीनवर किंवा फोनवर नुसता कचरा दिसतो, शोध चालत नाही, आणि रायटर त्याला इंग्रजी समजून पहिल्या कप्प्यातला फाँट लावतं. रेमिंग्टन मांडणीतच युनिकोड लिहून देणारी साधनं मिळतात, ती टाकून द्या. हात तोच राहतो, आतलं अक्षर सुधारतं. टायपिंग न शिकलेल्यांसाठी विंडोज १० च्या २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे.

तपासणी

मराठी शब्दकोश जोडून शुद्धलेखन तपासता येतं, पण त्यावर विसंबू नका. मराठीत एकाच नामाला प्रत्यय लागून इतकी रूपं होतात की यंत्र बरोबर शब्दाखालीही लाल रेघ ओढतं. आणि ‘दिन’च्या जागी ‘दीन’ पडलं तर गप्प बसतं, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. ‘प्रजासत्ताक दीन’ असे फलक काही आकाशातून पडत नाहीत.

खरं साधन म्हणजे बदलांची नोंद. कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं की यापुढे कोणी काय खोडलं, काय घातलं ते रंगात दिसतं. साहेबांनी पेनाने छापील कागदावर सुधारणा करायच्या, कारकुनाने त्या पुन्हा टाइप करायच्या आणि त्यात एक सुटायची, हे चक्र याने थांबतं. शिकणाऱ्यालाही आपलं वाक्य का बदललं ते दिसतं, नुसतं बदललेलं वाक्य मिळत नाही. कंट्रोल-ऑल्ट-सी ने बाजूला शेरा लिहिता येतो: ‘हा आकडा कोणत्या महिन्याचा?’ कुणी नोंद चालू न करता बदल केलेच, तर एडिट मेनूतल्या ट्रॅक चेंजेसमध्ये ‘कंपेअर डॉक्युमेंट’ आहे. जुनी फाइल दाखवली की फरक समोर येतो. वकिलाकडून किंवा ठेकेदाराकडून परत आलेल्या करारनाम्यावर हे केल्याशिवाय सही करू नये.

‘फाइंड अँड रिप्लेस’बद्दल मराठवाड्यापुरती एक सूचना. २०२३ च्या नामांतरानंतर जुन्या नमुन्यांतलं औरंगाबाद आणि उस्मानाबाद एका फटक्यात बदलण्याचा मोह होतो. पत्त्यात आणि लेटरहेडवर जरूर बदला. पण संदर्भात उद्धृत केलेलं जुनं पत्र, जुना आदेश, नोंदणी प्रमाणपत्रावरचं संस्थेचं नाव जसं मूळ कागदावर आहे तसंच राहिलं पाहिजे. ‘रिप्लेस ऑल’ दाबलं की संदर्भ क्रमांक २०१८ चा आणि नाव २०२३ चं अशी खिचडी होते, आणि पडताळणी करणारा नेमकं त्यावरच बोट ठेवतो. एकेक बघत पुढे जा.

पक्की प्रत

सही एकटी पुढच्या पानावर जाणं हा दोष सगळीकडे आहे, आणि त्यावर लोक फाँट लहान करतात किंवा वर एंटर मारतात. मजकुराच्या शेवटच्या परिच्छेदाला आणि सहीच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक ओळीला, शेवटची सोडून, परिच्छेदाच्या ‘टेक्स्ट फ्लो’ पानावर ‘कीप विथ नेक्स्ट’ लावा. मग सही गेलीच तर मजकुराच्या दोन-चार ओळी बरोबर घेऊन जाते. नमुन्यातच हे करून ठेवलं तर पुन्हा विचार नको. आकडा आणि ‘रु.’ किंवा ‘क्र.’ यांच्यामध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस द्या, म्हणजे ‘रु.’ एका ओळीच्या टोकाला आणि ५०,००० दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला असं होत नाही.

पीडीएफ काढण्याआधी सगळे बदल स्वीकारा किंवा नाकारा, नुसते लपवू नका. पडद्यावर दिसत असतील तर ते रंगासकट पीडीएफमध्ये उतरतात. लपवलेले असतील तर पीडीएफ स्वच्छ निघतं, पण मूळ फाइल कुणाला पाठवली की त्याने एक खूण केली की सगळं उघडं. ठेकेदाराला गेलेल्या पत्रात आधी खोडलेला दर वाचता येणं परवडणारं नाही. पीडीएफच्या खिडकीत ‘हायब्रिड पीडीएफ’ची एक खूण आहे. तिने पीडीएफच्या पोटात मूळ फाइल बसते, रायटरने उघडली की पुन्हा दुरुस्त करता येते. आपल्या संग्रहासाठी सोय चांगली आहे, बाहेर जाणाऱ्या पत्राला ती खूण काढूनच टाका.

मग छापून एक स्थळप्रत, तिच्यावर पोच, जावक रजिस्टरला नोंद. हे रायटर करत नाही आणि करूही शकत नाही, पण फाइलच्या नावातच जावक क्रमांक आणि तारीख ठेवली तर रजिस्टर आणि संगणक एकमेकांशी जुळतात. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, काही सरकारी संकेतस्थळं देवनागरी नावाची फाइल घेत नाहीत. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ असल्या नावांवर ऑफिसात बंदी असावी.

एकाच मजकुराची दीडशे पत्रं

पतसंस्था आणि सोसायट्यांना हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लागतं. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, आणि त्याआधी सगळ्या सभासदांना विषयपत्रिकेसह नोटीस. एकाच पत्रात यादीतली नावं-पत्ते आपोआप भरणारा रायटरचा मेल मर्ज या कामाला पुरतो, पण सरळ नाही. सभासदांची यादी कॅल्कमध्ये (लिबरऑफिसचं एक्सेलसारखं साधन) करायची, ती ‘डेटाबेस’ म्हणून नोंदवायची, मग कंट्रोल-शिफ्ट-एफ ४ ने वर यादीची पट्टी उघडून रकान्यांची नावं पत्रात ओढून आणायची. छापा म्हटलं की रायटर विचारतं, फॉर्म लेटर छापायचं का? हो म्हणा आणि आधी एकाच फाइलमध्ये काढून घ्या, थेट प्रिंटरला नको. चुकलं तर कागदाचं अर्धं रिम जातं. यादीची पहिली ओळ रकान्यांच्या नावांची असावी, मध्ये मोकळी ओळ नसावी, सभासद क्रमांक आणि तारखा मजकूर म्हणूनच ठेवाव्यात, नाहीतर पुढची शून्यं गळतात. यादीची फाइल एकदा नोंदवल्यावर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तर धागा तुटतो, आणि मिळणाऱ्या इंग्रजी निरोपावरून नेमकं काय झालं ते कुणालाच कळत नाही. या बाबतीत वर्ड स्पष्टपणे पुढे आहे. दहा-पंधरा पत्रांसाठी तर मेल मर्जच्या वाटेला जाऊच नका.

कोणी घेऊ नये

मुख्य कार्यालय पुण्या-मुंबईत आहे आणि रोज वर्डच्या फाइली ये-जा करतात, तिथे रायटर डोकेदुखी ठरेल. साधं पत्र नीट जातं-येतं. पण तक्ते, चौकटी, लेटरहेडमधलं चित्र आणि क्रमांकांच्या याद्या प्रत्येक फेरीत थोड्या सरकतात आणि चौथ्या फेरीत कागद ओळखू येत नाही. रायटर साठवताना ‘वर्डचाच प्रकार ठेवू का’ विचारतं तेव्हा हो म्हटल्याने हे पूर्ण टळत नाही. तिथे वर्डची वर्गणी भरावी. तिघा-चौघांनी एकाच वेळी एकाच मसुद्यावर काम करायचं असेल तर गूगल डॉक्स बरं, पण त्याला चालतं नेट लागतं आणि ऑफिसचे कागद कुणाच्या तरी खाजगी खात्यात पडून राहतात. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या खात्यातून संस्थेची तीन वर्षांची पत्रं परत मिळवणं हे वेगळंच काम आहे.

फोनवर दुरुस्ती करण्याची सवय असलेल्यांनीही रायटर घेऊ नये. ओडीटी, म्हणजे रायटरची स्वतःची फाइल फोनवर उघडणारी ॲप्स आहेत, पण मराठी मजकुराचं बारीक काम त्यांच्यावर होत नाही. फोनवर फक्त पीडीएफ बघावं.

बाकी ज्यांचा सगळा कारभार एका खोलीत, दोन मशीनवर आणि एका प्रिंटरवर चालतो, त्यांनी नमुना, ऑटोटेक्स्ट आणि बदलांची नोंद एवढ्या तीनच गोष्टी आधी बसवाव्यात. स्टाइल्स पुढच्या महिन्यात, मेल मर्ज सभेच्या आधी, आणि हायब्रिड पीडीएफ कधी शिकवलंच नाही तरी चालेल.